फ्लाय फिशिंग: वजन नसलेला गळ दूर कसा जातो

छोट्या हुकाभोवती दोरा, कोंबड्याची पिसं, सशाची किंवा हरणाची लव गुंडाळून पाणकिड्याची नक्कल केली की तयार होते ती फ्लाय. ती खरा किडा वाटावी अशी पाण्यात सोडायची आणि मासा धरायचा, एवढंच फ्लाय फिशिंग. ऐकायला सोपं आहे. पण फ्लाय जवळजवळ खऱ्या किड्याइतकीच हलकी असते आणि तेवढ्याने गळ टाकण्याची नेहमीची पद्धत निकामी होते. साध्या गळाला शिसं बांधलेलं असतं. ते भिरकावलं की त्याच्या ओढीने तंगूस रिळावरून आपोआप सुटत जातो. फ्लाय मात्र कितीही जोराने भिरकावली तरी हवेतच अडखळते आणि पायाशी पडते. तरीही सरावलेला माणूस तीच फ्लाय पंधरा मीटरवर, वीतभर जागेत, पाणी न हलवता टेकवतो. हे कसं जमतं ते कळलं की या छंदातल्या बाकीच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

यातलं वजन लाइनमध्ये असतं. फ्लाय लाइन तंगुसासारखी बारीक आणि पारदर्शक नसते. गुंफलेल्या धाग्याच्या गाभ्यावर प्लास्टिकचा थर चढवलेली ती चांगली जाड, बहुधा भडक रंगाची दोरी असते. पूर्वी ती रेशमाची विणत, त्याआधी घोड्याच्या शेपटीचे केस पिळून करत. फेकायची असते ती ही लाइन. फ्लाय टोकाला बांधलेली, म्हणून तिच्याबरोबर जाते.

लाइनचं वजन रॉडला, म्हणजे गळाच्या काठीला झेपेल असं हवं, म्हणून १९६१ साली अमेरिकेतल्या मासेमारी साहित्याच्या उत्पादकांनी लाइनींना वजनानुसार क्रमांक ठरवून दिले. तेच आज जगभर चालतात. लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन मोजायचं. ३ क्रमांकाच्या लाइनचं ते १०० ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅम भरतं, ५ क्रमांकाचं १४० ग्रेन, म्हणजे नऊ ग्रॅम, आणि ८ क्रमांकाचं २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. रॉडवरही त्याला कोणती लाइन पेलते तो क्रमांक छापलेला असतो. नदीतल्या ट्राउटसाठी, म्हणजे गार पाण्यातल्या त्या नावाच्या माशासाठी, नऊ फुटी, ५ क्रमांकाचा रॉड घेतला तर नवख्याचं सहसा चुकत नाही. रिळावर मात्र सुरुवातीला फार विचार करू नये. छोट्या माशांच्या बाबतीत रीळ लाइन गुंडाळून ठेवण्यापुरतंच कामाला येतं. जपानमधल्या डोंगरी ओढ्यांवर चालणाऱ्या तेनकारा पद्धतीत तर रीळच नसतं. लांब, लवचीक काठीच्या टोकाला लाइन बांधलेली असते आणि तेवढ्यावर उत्तम मासेमारी होते.

आता फेक. रॉडचं टोक पाण्याजवळ धरायचं आणि समोरच्या लाइनमध्ये ढील राहू द्यायची नाही. ढील असली तर रॉडची निम्मी हालचाल ती काढण्यातच जाते. मग रॉड उचलायचा, वेग सावकाश वाढवत मागे न्यायचा आणि टोक डोक्याच्या थोडं मागे गेलं की एकदम थांबवायचा. सगळी किमया या थांबण्यात आहे. लाइनच्या वजनाने वाकलेला रॉड थांबताक्षणी सरळ होतो. लाइनचा वेग मात्र कायम असतो, त्यामुळे ती रॉडच्या टोकावरून मागच्या दिशेने निघून जाते. आता तिची खालची बाजू रॉडला धरून जागच्या जागी आहे आणि वरची पळते आहे. दोन्हींच्या मधे जे वळण पडतं त्याला लूप म्हणतात. लूप हवेतून सरकत जातो, तशी लाइन उलगडत जाते आणि शेवटी मागे सरळ ताणली जाते.

ती ताणली जाईपर्यंत थांबायचं. नव्या माणसाला सगळ्यात जड जातं ते हेच, कारण मागे काय चाललंय ते दिसत नसतं आणि हात शिवशिवत असतो. घाई केली तर लाइन चाबकासारखी कडाडते आणि फ्लाय तुटून जाते. उशीर केला तर लाइन मागच्या गवतात बसते. लाइन जितकी लांब, तितका हा थांबा लांब. मान वळवून मागे बघावं, त्यात काही कमीपणा नाही. लाइन सरळ झालेली दिसली की हीच हालचाल पुढच्या दिशेने करायची: सावकाश सुरुवात, वाढता वेग, एकदम थांबा. लूप समोर उलगडत जातो आणि फ्लाय सगळ्यात शेवटी पाण्यावर येते.

रॉड घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मधे फिरवा, असं शिकवतात. पहिल्या दिवसापुरतं ते ठीक आहे, पण त्याला नियम समजू नये. लाइन आखूड असेल तर रॉडने थोडंच फिरायचं, लांब असेल तर जास्त. खरा नियम एकच: रॉडचं टोक सरळ रेषेत गेलं पाहिजे. मनगट सैल सोडलं की टोक कमानीतून फिरतं, लूप रुंद होतो आणि हवेला अडून मरतो. मधेच हिसका दिला की टोक खाली बुडी मारतं, लाइनची वरची बाजू खालच्या बाजूला ओलांडते आणि बारीक तंगुसात गाठ पडते. या गाठीचं खापर लोक वाऱ्यावर फोडतात, इंग्रजीत तर तिला वाऱ्याचीच गाठ म्हणतात, पण दोष हिसक्याचा असतो. दंडात ताकद असलेल्या माणसाला फेक शिकायला बरेचदा जास्त वेळ लागतो, कारण ताकद लावली की हिसका आलाच.

मागे झाडं असतील तर लाइन मागे नेताच येत नाही. तेव्हा ती पाण्यावरूनच हळू ओढत आणायची, खांद्यामागे तिचा झोळ लोंबेपर्यंत थांबायचं आणि रॉड पुढे झटकायचा. पाणी लाइनचं टोक धरून ठेवतं आणि त्या आधारावर लाइन गोल फिरत पुढे उलगडते. हिला रोल कास्ट म्हणतात. अरुंद ओढ्यांवर अर्धी मासेमारी याच फेकीवर चालते. सरावाला नदी लागतेच असं नाही. मोकळं गवत पुरतं आणि फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधला की झालं.

जाड, भडक लाइन माशाजवळ पडून चालणार नाही, म्हणून लाइन आणि फ्लाय यांच्यामध्ये सुमारे नऊ फुटांचा निमुळता तंगूस असतो, तो लीडर. त्याच्या शेवटच्या बारीक भागाला टिपेट म्हणतात. टिपेटच्या जाडीचं मोजमाप थोडं विचित्र आहे: एक्सच्या आधीचा आकडा ११ मधून वजा करायचा, उरतील तितके इंचाचे हजारावे भाग. म्हणजे ५ एक्स टिपेट सहा हजारांश इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. आकडा जितका मोठा, तितका तंगूस बारीक.

इथपर्यंतचं सगळं महिन्याभराच्या सरावाने हाताला येतं. या छंदाने माणूस जन्माचा धरला जातो तो मात्र यापुढच्या गोष्टींमुळे. सुरुवात करू ती फ्लाय ज्यांची नक्कल आहे त्या किड्यांपासून.

मेफ्लाय हा त्यातला सगळ्यात मानाचा किडा. त्याची निम्फ, म्हणजे बाल्यावस्था, तळाच्या दगडांखाली कित्येक महिने, काही जातींत वर्ष-दोन वर्षं काढते. मग ठरावीक ऋतूत, ठरावीक वेळी ती पाण्याच्या पृष्ठभागाशी येते, पाठीवरची कात उकलते आणि आतून पंखवाला किडा बाहेर पडतो. पंख उभे धरून तो क्षणभर पाण्यावर तरंगत राहतो आणि उडून काठावरच्या झुडपात जाऊन बसतो. तिथे तो पुन्हा कात टाकतो. पंख फुटल्यावर कात टाकणारा आजच्या जगात दुसरा कीटक नाही. या पूर्ण वाढलेल्या मेफ्लायला अन्न खाता येईल असं तोंडच नसतं. समागम करायचा, अंडी घालायची आणि मरायचं, एवढ्यासाठी त्याच्याकडे काही तास, फार तर एक-दोन दिवस असतात. अंडी घातल्यावर पंख पसरून पाण्यावर निपचित पडलेले हे किडे ट्राउट अगदी आरामात टिपतो, कारण ते आता उडून जाणार नसतात हे जणू त्याला ठाऊक असतं.

एका जातीचे असे हजारो किडे एकदम वर येतात त्याला हॅच म्हणतात. तेव्हा ट्राउट बाकी सगळं सोडून तेवढाच एक किडा, तोही एकाच अवस्थेतला, खात सुटतो. समोरून दुसरी चांगली जाडजूड फ्लाय गेली तरी तो ढुंकून बघत नाही. मग कोडं सोडवायला बसावं लागतं: कोणता किडा? कोणत्या अवस्थेतला? उत्तर पाण्यावरच लिहिलेलं असतं. मासा वर येताना त्याचं नाक पाण्याबाहेर दिसलं, तर तो पृष्ठभागावर तरंगणारे किडे खातोय. नुसती पाठ आणि शेपटी दिसली, तर कातीतून सुटू पाहणारे, पृष्ठभागाच्या जरा खालचे. हा फरक डोळ्यांनी टिपणं, त्याप्रमाणे फ्लाय बदलणं आणि पुढच्याच फेकीला मासा वर येणं, यासारखा आनंद मला मासेमारीत दुसरा माहीत नाही. त्यात नशिबाचा वाटा फार थोडा असतो.

मेफ्लायखेरीज कॅडिस आहे, जिच्या कित्येक जातींच्या अळ्या वाळूचे कण आणि काड्या चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधतात. स्टोनफ्लाय आहे, जी रांगत काठावरच्या दगडावर येऊन कात टाकते. मिज तर इतके चिमुकले, की त्यांची नक्कल बांधायला भिंग लागतं.

खरा किडाच गळाला का लावत नाहीत, या प्रश्नाला फार जुनं उत्तर आहे. इसवी सन २०० च्या सुमारास रोमन लेखक ईलियन याने मॅसेडोनियातल्या ॲस्ट्रियस नदीवरच्या कोळ्यांचं वर्णन केलं आहे. तिथले मासे पाण्यावरच्या ज्या माशीवर तुटून पडत, ती हातात धरली की तिचा रंग उडायचा, पंख चुरगळायचे आणि मासे तिला तोंड लावत नसत. म्हणून ते लोक हुकाला लाल लोकर गुंडाळत आणि कोंबड्याच्या गळ्याखालची दोन मेणाच्या रंगाची पिसं लावत. फ्लाय बांधणारे आजही कोंबड्याच्या मानेची पिसं वापरतात.

तरंगणाऱ्या फ्लायला ड्राय फ्लाय म्हणतात, पाण्याखाली सोडायची ती निम्फ, आणि छोट्या माशासारखी दिसणारी, ओढत आणायची ती स्ट्रीमर. यांच्यावरून मोठे वाद झाले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये टेस्ट नदीवर फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी ड्राय फ्लायचं शास्त्र बसवलं, आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांनी वर आलेल्या माशाला तरंगती फ्लायच टाकायची, याला धर्माचं रूप दिलं. इचेन नदीवर मासे धरणारे जी. ई. एम. स्क्यूज यांचं म्हणणं वेगळं होतं: मासा निम्फ खात असेल तर त्याला निम्फच द्यावी. हा वाद इतका पेटला, की १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये त्यावर रीतसर चर्चा ठेवावी लागली. माझा कौल स्क्यूज यांना. ट्राउट आपलं बरंचसं अन्न पाण्याखालीच खातो आणि माशाला काय हवंय हे त्यानेच ठरवावं. तरीही तरंगत्या फ्लायवर मासा येताना डोळ्यांनी दिसतो, याला तोड नाही. त्यामुळे हॅलफर्डच्या बाजूचे लोक कशावर भाळले होते ते मला पुरतं समजतं.

मासा कुठे असेल हे ओळखण्याला पाणी वाचणं म्हणतात. वाहत्या पाण्यात एका जागी टिकून राहायला माशाला सतत पोहावं लागतं, म्हणजे ताकद खर्चावी लागते. अन्न मात्र वेगवान धारच वाहून आणते. त्यामुळे शहाणा मासा संथ पाण्यात, पण वेगवान धारेच्या अगदी शेजारी उभा असतो. जलद आणि संथ पाण्याच्या मधल्या सीमेवर फेसाचे कण रांगेने जाताना दिसतात, ती रेघ पहिल्यांदा शोधावी. मोठ्या दगडामागे आडोसा असतो हे कुणालाही सुचतं, पण दगडाच्या पुढेही पाणी दबून मंदावतं आणि तिथेही मासा उभा राहतो. उथळ खळाळ जिथे डोहात उतरतो ती जागा आणि डोह संपताना पाणी पुन्हा उथळ होतं ती जागा, दोन्ही बघून ठेवाव्यात. डोहाचा खोल मधला भाग नवख्याला सगळ्यात जास्त खुणावतो आणि बहुतेक वेळा तिथे वेळ वाया जातो.

मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून त्याच्या मागून, खालच्या अंगाने जावं. त्याच्या नजरेचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे पाण्याखालून वर बघताना बाहेरचं जग एका गोल खिडकीतूनच दिसतं. ही खिडकी सुमारे ९७ अंशांची असते आणि तिचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट भरतो. मासा ३० सेंटिमीटर खोल असेल तर खिडकी सत्तरेक सेंटिमीटरची. तिच्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग खालून आरशासारखा दिसतो. यातून दोन गोष्टी निघतात. पृष्ठभागाजवळ खाणाऱ्या माशाची खिडकी लहान, म्हणून फ्लाय नेमकी त्याच्या वाटेवर पडायला हवी. आणि पाण्याच्या पातळीलगतच्या, दहाएक अंशांपेक्षा खालच्या वस्तू त्याला खिडकीच्या कडेशी चेपलेल्या, अंधुक दिसतात, म्हणून वाकून, गुडघ्यावर बसून जवळ गेलेला माणूस त्याच्या ध्यानात येत नाही. पंचवीस मीटरची सुरेख फेक करण्यापेक्षा रांगत आठ मीटरवर जाणं कितीतरी फायद्याचं.

जवळ जाण्याचं आणखी मोठं कारण म्हणजे ड्रॅग. फ्लाय फिशिंगमधलं एकच तंत्र शिकायचं असं कुणी म्हटलं, तर मी हेच सांगेन. खरा किडा पाण्याबरोबर, पाण्याच्याच वेगाने वाहतो. फ्लाय मात्र लाइनला बांधलेली असते आणि लाइन तीन-चार वेगवेगळ्या वेगांच्या धारांवर आडवी पडलेली असते. मधली वेगवान धार लाइनला पोट पाडून पुढे नेते, ते पोट फ्लायला ओढतं आणि फ्लाय पाण्यावर बारीक रेघ काढत सरकू लागते. एवढ्याने ट्राउट पाठ फिरवतो. बरेचदा ही ओढ इतकी सूक्ष्म असते, की वरून आपल्याला दिसतही नाही. फ्लायचा रंग चुकला, आकार चुकला असं वाटून माणूस डबीतली एकेक फ्लाय बदलत बसतो आणि खरा दोष ओढीचा असतो.

उपाय असा: लाइन पाण्यावर पडल्यावर रॉडच्या टोकाने तिचं मधलं पोट हलकेच उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवायचं. याला मेंड करणं म्हणतात. आता धारेला ते पोट आधी सरळ करावं लागतं, मग उलटं पाडावं लागतं, आणि तेवढा वेळ फ्लाय मोकळी वाहते. मधलं पाणी फ्लायजवळच्या पाण्यापेक्षा संथ असेल तर मेंड खालच्या बाजूला करायचा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे फेक पूर्ण होऊन लाइन हवेत असतानाच रॉड वरच्या बाजूला लांब नेणं. त्यामुळे लाइन मेंड होऊनच पाण्यावर पडते आणि फ्लाय हलत नाही. कधी मुद्दाम थोडी ढील ठेवून, नागमोडी लाइन पाडतात. ती सरळ होईपर्यंतचे चार-पाच सेकंद पुरतात.

फेकायला शिकताना ढील काढायची आणि फ्लाय पाण्यावर पडली की ढील द्यायची, हा उलटा व्यवहार अंगात मुरायला वेळ लागतो. पण तो मुरला की बघण्याची रीतच बदलते. एरवी सपाट, एकसारखी वाटणारी नदी पाच-सहा वेगळ्या पट्ट्यांची दिसू लागते आणि कुठला पट्टा कुठल्याला ओढतोय ते कळू लागतं. मासा न मिळालेला दिवसही भरगच्च जातो तो यामुळे. डोळ्यांना आणि हातांना इतकं काम असतं, की मनाला दुसरीकडे जायला सवड मिळत नाही. लोक फ्लाय फिशिंगला शांततेचा छंद म्हणतात. मला त्यातली एकाग्रता जास्त मोलाची वाटते.

मासा फ्लाय घेतो तेव्हा हिसडा द्यायचा नाही. ड्राय फ्लायवर रॉड नुसता उचलला तरी हूक बसतो, जोर केला तर ०.१५ मिलिमीटरचा तंगूस तुटतो. स्ट्रीमर ओढताना किंवा समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी मात्र रॉड न उचलता हातातली लाइन ताठ खेचायची. मासा लागल्यावर रॉड वाकलेला ठेवावा, म्हणजे धक्के त्यात जिरतात. तो पळाला तर पळू द्यावं, थांबला की ओढून घ्यावं. पण खेळ लांबवू नये. दमून गेलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो.

आज ट्राउटच्या पुष्कळ नद्यांवर मासा धरून परत सोडण्याचा नियम आहे. सोडायचाच असेल तर तो जगेल असा सोडायला हवा, नाहीतर त्याला काही अर्थ नाही. हुकाचा उलटा काटा चिमट्याने आधीच दाबून टाकावा, मग हूक क्षणात निघतो आणि जखमही लहान होते. हात ओले करूनच माशाला धरावं. त्याच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो रोगजंतूंपासून त्याचं रक्षण करतो आणि कोरड्या तळव्याने पुसला जातो. जाळं रबराचं असावं. कल्ल्यांना बोट लावू नये. फोटोसाठी पाण्याबाहेर काढलंच, तर काही सेकंदांत परत पाण्यात ठेवावं आणि तो स्वतःहून निघून जाईपर्यंत प्रवाहाकडे तोंड करून सैल आधार द्यावा. सोबत पाण्याचा थर्मामीटरही ठेवावा. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि माशाची गरज वाढलेली असते. २० अंश सेल्सियसच्या वर ट्राउट एवढा ताणाखाली असतो, की नीट सोडलेला मासाही बरेचदा वाचत नाही. अशा दुपारी रॉड आवरून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, पाणी गार असताना यावं.